खळाळातले भुंगेरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओढ्याचं पाणी जिथे उतारावरून गोट्यांना आपटत खळखळत जातं, तिथे दगडाच्या खालच्या बाजूला एक अगदी छोटा, काळपट भुंगेरा राहतो. गुराखी, शिक्षक, शाळेतली मुलं, शेतकरी, ओढ्यावर धुणं घेऊन येणाऱ्या बायका त्याच्याबद्दल जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मराठवाड्यात पाण्याविषयी बोलणं म्हणजे टीएमसी, टँकर आणि धरणाची टक्केवारी. ते बोलावंच लागतं. पण ओढ्यात पाण्याइतकेच दगडही महत्त्वाचे असतात, आणि ते का, हे या किड्याकडे बघून जितकं नीट कळतं तितकं दुसऱ्या कशानेही कळत नाही, असं माझं मत आहे.

हा भुंगेरा नेमका कोणता?

एल्मिडी नावाच्या कुळातला. इंग्रजीत यांना रिफल बीटल म्हणतात. मोबाइलवर फोटो शोधायचे असतील तर हेच नाव टाका. जगात या कुळाच्या सुमारे दीड हजार जाती माहीत आहेत आणि अंटार्क्टिका सोडला तर सगळ्या खंडांवर ते आहेत. भारतात सापडणाऱ्या प्रजातींपैकी (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्टेनेल्मिस ही एक. बहुतेक जाती १ ते ४ मिलिमीटरच्या. काळा तीळ ओल्या दगडावर चिकटलेला असावा, इतकंच पहिल्या नजरेला दिसतं.

जवळून पाहिलं तर मात्र बरंच काही आहे. पाठीवरच्या कठीण पंखांवर बारीक खळग्यांच्या सरळ ओळी असतात. पाय अंगाच्या मानाने चांगलेच लांब, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला दोन मोठ्या, वाकड्या नख्या. पाण्यात असताना पोटाकडची बाजू चंदेरी चमकते. ती चमक रंगाची नाही, हवेची आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

हे तेच का, जे पाण्यावर गिरक्या घेतात?

नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर झुंडीने गरगर फिरणारे चकचकीत काळे भुंगेरे गायरिनिडी कुळातले. त्यांचे डोळे दोन भागांत विभागलेले असतात, वरचा भाग हवेत बघतो आणि खालचा पाण्यात. त्यांना शोधावं लागत नाही, तेच आधी दिसतात. डोहात किंवा शेततळ्यात खालून वर येऊन मागचं टोक पाण्याबाहेर काढणारे मोठे पाणभुंगेरे तेही वेगळे. ते हवा घ्यायला वर येतात, आपला खळाळातला भुंगेरा येत नाही.

दगडाखाली कधी कधी चपटी, गोल, तपकिरी टिकलीसारखी वस्तू घट्ट चिकटलेली दिसते. तीही एका वेगळ्या पाणभुंगेऱ्याची अळी आहे, सेफेनिडी कुळातली. एकाच दगडाखाली दोघेही मिळू शकतात.

पोहता येतं का त्याला?

येत नाही. तो पाण्यात राहतो, पण चालतच. नख्या दगडाच्या खरबरीत अंगात अडकवून तो प्रवाहाविरुद्धही सावकाश सरकतो. दगडावरून सुटला की पाण्याबरोबर वाहत जातो आणि पाय लागेल तिथे पुन्हा पकड घेतो. आपल्याकडचा काळा बेसाल्ट झिजून गुळगुळीत झाला तरी त्यात बारीक छिद्रं आणि खाचा असतात. या किड्याला एवढं पुरतं.

मग वर न येता तो श्वास कसा घेतो?

माझ्या मते या किड्याबद्दलची सगळ्यात नवलाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

कीटकांना फुफ्फुसं नसतात. अंगाच्या बाजूंना बारीक श्वासरंध्रं असतात आणि त्यांतून हवा आतल्या नळ्यांत जाते. डोहातला पाणभुंगेरा पंखांखाली हवेचा बुडबुडा घेऊन बुडी मारतो. त्या बुडबुड्यातला प्राणवायू तो वापरतो, आजूबाजूच्या पाण्यातून थोडा प्राणवायू आतही येतो, पण त्याच वेळी बुडबुड्यातला नायट्रोजन हळूहळू पाण्यात विरघळत जातो. बुडबुडा आक्रसतो आणि किड्याला पुन्हा वर यावं लागतं.

खळाळातल्या भुंगेऱ्याने हा आक्रसण्याचा प्रश्नच सोडवला आहे. त्याच्या अंगाच्या मोठ्या भागावर, विशेषतः खालच्या बाजूला, पाणी न चिकटणाऱ्या अतिसूक्ष्म रोमांची दाट लव असते. त्या रोमांमध्ये हवेचा एक पातळ थर कायम अडकून राहतो. रोम इतके जवळजवळ असतात की पाणी त्यांच्या मधे शिरू शकत नाही, त्यामुळे थर दबत नाही आणि आक्रसतही नाही. किडा आतला प्राणवायू वापरतो, तेवढा बाहेरच्या पाण्यातून थरात येतो, आणि कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने पाण्यात निघून जातो. याला प्लास्ट्रॉन म्हणतात. केंब्रिजच्या थॉर्प आणि क्रिस्प या दोन शास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी तपासलेल्या ॲफेलोकायरस या वाहत्या पाण्यातल्या ढेकणाच्या अंगावर एका चौरस मिलिमीटरला २० लाखांहून जास्त रोम होते. आपल्या भुंगेऱ्याची लव इतकी दाट नसते, पण तत्त्व तेच.

या सोयीमुळे प्रौढ भुंगेरा महिनोन्‌महिने पाण्याखाली राहू शकतो. पण याला एक अट आहे: पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर हवा. पाण्यात तो कमी झाला तर देवाणघेवाण उलटी होते, थरातला प्राणवायूच पाण्यात जायला लागतो. म्हणून त्याला खळाळ लागतो. दगडावर आपटून फेसाळणारं पाणी सतत हवा ओढून घेतं. २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो; ३० अंशांना तो साडेसातवर येतो. एप्रिलमधल्या तापलेल्या, साचलेल्या डबक्यात शेवाळ आणि कुजका पाला त्यातलाही बराचसा रात्रीतून संपवतात. अशा पाण्यात हा किडा गुदमरतो.

विहिरीत, शेततळ्यात, जायकवाडीत सापडेल का?

साचलेल्या पाण्यात शोधू नका. काही जाती तलावाच्या लाटा आपटणाऱ्या दगडी काठावर राहतात हे खरं, पण सर्वसाधारणपणे यांचं घर म्हणजे वाहता ओढा किंवा नदीतला उथळ, गोट्यांचा पट्टा.

त्याची अळी कशी असते?

लांबट, अंगावर कठीण कवचाचे पट्टे असलेली, तपकिरी, काही मिलिमीटरची. भुंगेरा आणि अळी दोघंही पाण्यातच राहतात, बहुधा एकाच दगडावर. अळीकडे प्लास्ट्रॉन नसतो. तिच्या शेपटाच्या टोकाशी एक झाकण असतं आणि त्याआड पांढऱ्या धाग्यांसारख्या कल्ल्यांचे झुबके. पांढऱ्या ताटलीत पाणी घालून अळी त्यात ठेवा आणि भिंगातून शेपटाकडे बघत राहा. झाकण उघडतं, झुबके बाहेर येऊन पसरतात, जरा हलतात आणि पुन्हा झटकन आत जातात. मुलांना एकदा हे दाखवलं की ती भिंग परत द्यायला तयार होत नाहीत.

अंडी दगडाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली असतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत फुटतात. अळी पाच ते आठ वेळा कात टाकते. थंड प्रदेशात या वाढीला वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. उबदार पाण्यात ती लवकर उरकते.

कोष पाण्यातच करते का?

नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पूर्ण वाढलेली अळी पाण्यातून बाहेर काठावर येते. ओलसर मातीत, दगडाखाली, ओल्या पाल्यापाचोळ्यात किंवा ओंडक्याखाली छोटी पोकळी करून तिथे कोष करते. त्यातून भुंगेरा बाहेर पडतो तेव्हा त्याचे उडायचे पंख बहुतेक जातींत चालू स्थितीत असतात. तो एकदा उडतो, पाणी गाठतो आणि मग बहुधा कायमचा पाण्याखाली जातो. नंतर उडण्याचे स्नायूही अनेकांत झिजून जातात.

याचा अर्थ असा की या किड्याला फक्त पात्र पुरत नाही, काठही लागतो. उभा कापलेला किंवा सिमेंटने बांधलेला काठ त्याच्या कामाचा नाही.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती भुंगेरे गोळा होतात, ते हेच का?

ते बहुतेक हुमणीचे भुंगेरे. वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडला की संध्याकाळी ते जमिनीतून निघून कडुनिंबावर, बाभळीवर जातात, आणि त्यांच्या अळ्या उसाची, सोयाबीनची मुळं खातात. आकारानेच फरक कळतो, हुमणीचा भुंगेरा नखाएवढा असतो. खळाळातले भुंगेरेही त्या एकदाच्या उड्डाणात दिव्यावर येतात, पण ओढा जवळ असेल तर, आणि ते इतके बारीक असतात की पांढरं कापड टांगून बघितल्याशिवाय लक्षात येत नाहीत.

चावतो का? पिकाचं, गुराढोरांचं काही नुकसान?

चावत नाही, डंख मारत नाही, पिकाला तोंड लावत नाही. पाणी पिताना जनावराच्या पोटात गेला तरी काही होत नाही.

खातो काय?

दगडावर हात फिरवला की जो बुळबुळीत थर लागतो, तो. त्यात शेवाळ, डायटम नावाच्या एकपेशीय वनस्पती, जिवाणू आणि कुजक्या पाल्याचा चुरा असतो. काही जाती पाण्यात पडलेल्या लाकडावर जगतात. डासांच्या अळ्या खातो का, असंही बरेच जण विचारतात. नाही खात. डास साचलेल्या पाण्याचा, हा वाहत्या पाण्याचा. दोघांची गाठच पडत नाही.

आणि त्याला कोण खातं हे विचारणाऱ्यांसाठी: दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात याच कुळातली ऑस्ट्रेल्मिस कॉन्डिमेंटेरियस नावाची जात माणसं जेवणात चवीसाठी वापरत. १८६४मध्ये फिलिपी या शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. आपल्या ओढ्यांवर कुणी हा प्रयोग करू नये अशी विनंती.

आमचा ओढा दिवाळीनंतर आटतो. तेव्हा हे जातात कुठे?

मराठवाड्यात हा प्रश्न पहिला यायला हवा होता. आपल्याकडे वर्षाचा सरासरी पाऊस पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये आणि त्यातही खंड पाडून. बरेच ओढे जुलैत धावायला लागतात आणि हिवाळा संपायच्या आत थांबतात. वाहत्या पाण्याशिवाय न जगणारा किडा इथे टिकतो तरी कसा?

एक वाट खाली जाते. ओढा वरून कोरडा दिसतो तेव्हाही गोटे आणि जाड वाळूच्या थरात, हात-दोन हात खोल, ओल असते आणि कित्येक ठिकाणी पाणी सावकाश सरकत असतं. पूर्वी बायका झिरा उकरून प्यायचं पाणी भरायच्या ते हेच पाणी. दगडांच्या सांदीतून पाण्यातले अनेक छोटे जीव, त्यांच्या अळ्यांसह, या थरात उतरतात.

दुसरी वाट झऱ्याकडे. बालाघाटाच्या आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा लाव्हाच्या एकावर एक थरांच्या बनलेल्या आहेत. दोन थरांच्या मधे कित्येकदा लालसर, चिकण मातीचा पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. असे झरे ओढ्याच्या मानाने बरेच उशिरापर्यंत टिकतात. तिथे तग धरलेले भुंगेरे आणि अळ्या पुढच्या पावसाळ्यात प्रवाहाबरोबर खाली पसरतात, आणि कोषातून नवे निघालेले भुंगेरे उडून दुसरा ओढा गाठतात.

खाली उतरून तग धरता येतो याचं एक मोठं उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आहे. न्यू ब्राउनफेल्स गावाजवळ कोमाल नावाचे झरे आहेत आणि तिथे हेटरेल्मिस कोमालेन्सिस ही या कुळातली, २ मिलिमीटरची जात राहते. १९५०च्या दशकात तिथे मोठा दुष्काळ पडला आणि १९५६मध्ये मुख्य झरे १४४ दिवस बंद पडले. हा भुंगेरा तेव्हा शास्त्राला ठाऊकच नव्हता. १९८८मध्ये त्याचं नाव आणि वर्णन प्रसिद्ध झालं. त्याचे उडायचे पंख आखूड, निकामी आहेत, म्हणजे दुष्काळ सरल्यावर तो दुसरीकडून उडत आला असं म्हणता येत नाही. तो तिथेच, झऱ्याच्या तोंडाच्या आत किंवा खालच्या ओलीत, टिकून राहिला असला पाहिजे. १९९७मध्ये अमेरिकी सरकारने त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घेतलं, कारण त्याच भूजलावर मोठी शहरं आणि शेती अवलंबून आहे आणि उपसा वाढला की झराच थांबतो.

एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरलेलो नाही. त्या साली बोअरवेल किती खोल गेल्या याची गावोगाव चर्चा होती. जमिनीतली पातळी जितकी खाली जाते तितकी पात्राखालची ओलही लवकर जाते. माणसाचा आणि या किड्याचा आधार इथे एकच आहे.

ओढ्यावर कपडे धुतल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि कारण सरळ आहे. साबण आणि धुण्याची पावडर पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, म्हणून तर पाणी कपड्याच्या धाग्यांत शिरतं आणि मळ निघतो. तेच पाणी किड्याच्या रोमांमध्येही शिरतं. हवेचा थर जातो आणि किडा पाण्याखाली असूनच बुडून मरतो. त्याला विष चढावं लागत नाही.

धुणं धुणाऱ्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. घरात नळ नाही म्हणून त्या ओढ्यावर येतात. एवढंच करता येईल: पाणी बादलीने काठापासून दूर न्यायचं, तिथे खळबळायचं, आणि साबणाचं पाणी मातीत जिरू द्यायचं. गावाने खळाळाच्या खालच्या अंगाला, पात्रापासून बाजूला, एक धुण्याचा ओटा आणि शोषखड्डा बांधला तर सगळ्यांचीच सोय होते. पोळ्याला बैल ओढ्यावर नेतात तेव्हाही हेच. बैल पाण्याने आणि गवताच्या चोळण्याने उत्तम निघतात. अलीकडे शाम्पूच्या पुड्या फोडायची पद्धत आली आहे, ती नको.

फवारणीचा पंप ओढ्यात धुतला तर?

कृपा करून धुऊ नका. साबणाचा परिणाम त्या जागेपुरता असतो. कीटकनाशकाचा ओढ्यात दूरवर जातो. कपाशीवर आणि सोयाबीनवर वापरली जाणारी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं पाण्यातल्या कीटकांना अत्यंत कमी प्रमाणातही मारक असतात. आणि आपल्याकडे वेळ अशी जुळते की फवारणीचे महिने आणि ओढा वाहण्याचे महिने एकच, जुलै ते ऑक्टोबर. या किड्याला वर्षात वाढायला मिळतात तेच दिवस. पंप शेतातच धुवा आणि ते पाणी पिकावरच फवारून संपवा. रिकाम्या बाटल्या पात्रात टाकू नका. त्याच ओढ्याच्या पाण्यावर खाली कुणाची तरी विहीर असते.

नाला खोलीकरणाने पाणी वाढतं. मग त्याला विरोध का?

विरोध नाही. दुष्काळ पाहिलेल्या माणसाने पाणी अडवायला विरोध करणं मला पटत नाही. तक्रार फक्त काम करायच्या एका पद्धतीबद्दल आहे.

जेसीबी लावून पात्र सरळसोट, सारख्या खोलीचं, उभ्या काठांचं केलं की ओढ्याचा कालवा होतो. उतारावरचे गोटे, वाळू, सांदी, सगळं काढून काठावर ढीग लागतो किंवा ट्रॅक्टरने विकलं जातं. पाणी साचतं, पण खळखळत नाही. काठाची ओली, सैल माती कापली जाते, तिथे अळीला कोष करता येत नाही. पहिल्या जोराच्या पावसात उघडे काठ ढासळतात आणि गाळ तळाशी बसतो. बारीक गाळ दगडांच्या सांदी बुजवतो. किड्यासाठी घर बंद झालं, आणि पाणी मुरायची वाटही बंद झाली.

गाळ काय करतो याचा पुरावा ब्रिटनमधल्या नद्यांच्या जुन्या थरांत आहे. या भुंगेऱ्यांचे कठीण पंख गाळात हजारो वर्षं टिकतात. आज तिथे दुर्मिळ असलेल्या काही जाती पूर्वी त्या नद्यांमध्ये नेहमीच्या होत्या, हे त्या अवशेषांवरून कळतं. नांगरट वाढली, शेतांची माती नद्यांत आली, गोट्यांचा तळ गाळाखाली गेला, आणि त्या जाती मागे हटल्या, असं अभ्यासक मानतात. तेव्हा ना साबणाची पावडर होती, ना कीटकनाशक.

म्हणून ग्रामसभेत मांडण्यासारख्या काही गोष्टी. खोलीकरण करायचंच असेल तर उताराचा, गोट्यांचा पट्टा हात न लावता सोडायला सांगा. पाणी तसंही तिथे साठत नाही. उकरलेले गोटे विकू नका, काम झाल्यावर पात्रात परत पसरा. काठ तिरके ठेवा, त्यांवर गवत येऊ द्या. आणि आधी माथ्यावर काम करा: समतल चर, बांधबंदिस्ती, चराईबंदी. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीचं पाणलोटाचं काम बघायला दुरून लोक येतात; तिथे पाणी ओढ्यात नव्हे, शिवारात अडवण्यापासून सुरुवात झाली होती. माथ्यावर मुरलेलं पाणी ओढ्याला सावकाश येतं, गाळ आणत नाही आणि जास्त दिवस वाहतं. यात शेतकऱ्याचं आणि या किड्याचं हित एकच आहे, म्हणून मी हे इतक्या आग्रहाने सांगतो.

वाळू उपसा आणि कोल्हापुरी बंधारे?

वाळू आणि गोटे गेले की पात्राखालचा ओलीचा थरच गेला. उन्हाळ्यात लपायला जागा उरत नाही. बंधाऱ्याचं तसं नाही. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकले की वरच्या बाजूचा खळाळ बुडतो, खाली मात्र राहू शकतो. पावसाळ्यात बर्गे काढून पात्र मोकळं वाहू दिलं तर साचलेला गाळही निघून जातो. बर्गे वर्षभर तसेच अडकवून ठेवलेले बंधारे गाळाने भरतात, हे तुम्हीही पाहिलं असेल.

हा किडा दिसला म्हणजे पाणी प्यायला चांगलं, असं समजायचं का?

तसं समजू नका. त्याच्या असण्याने एवढंच कळतं की पाण्यात प्राणवायू बऱ्यापैकी आहे, तळ गाळाने बुजलेला नाही, आणि साबण किंवा विषारी औषध मोठ्या प्रमाणात आलेलं नाही. कॉलरा, कावीळ, जुलाब यांचे जंतू त्या पाण्यात असू शकतात. पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्या.

ओढ्याची तब्येत तपासायला मात्र हा उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये पाण्यातल्या प्राण्यांच्या कुळांना १ ते १० गुण देऊन नदीची प्रत ठरवायची एक पद्धत तयार झाली, बीएमडब्ल्यूपी नावाची. प्रदूषण अजिबात न सोसणाऱ्या कुळांना १०, गटारातही जगणाऱ्या कृमींना १. एल्मिडीला त्यात ५ गुण आहेत, म्हणजे मधला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकषही याच पद्धतीवर आधारलेले आहेत. पाण्याच्या बाटलीतला नमुना त्या क्षणाचं सांगतो. दगडाखालचा किडा गेल्या कित्येक आठवड्यांचं सांगतो, कारण तेवढे दिवस तो तिथे जगलेला असतो.

मराठवाड्यात कुठे आणि कधी शोधायचा?

पूर ओसरल्यावर, पाणी निवळलं की. साधारण सप्टेंबरअखेर ते डिसेंबर. डोंगराच्या पायथ्याचे, झऱ्यावर पोसलेले ओढे बघा: बीडकडे कपिलधार, सौताड्याच्या परिसरातले, अजिंठा रांगेत गौताळ्याच्या बाजूचे, किनवटच्या जंगलातले. पण त्यासाठी लांब जायलाच हवं असं नाही. तुमच्या शिवारात पाणी घोटाभर आहे, वेगाने वाहतंय, खाली मुठीएवढे ते डोक्याएवढे गोटे आहेत आणि त्यांच्यावर गाळाचा थर नाही, अशी जागा असेल तर तिथूनच सुरुवात करा. गावाच्या वरच्या अंगाला बघा, खाली नको.

बघायचा कसा?

पांढरी ताटली किंवा टब, चहाची बारीक गाळणी, मऊ ब्रश आणि भिंग एवढं पुरे. दगड पाण्यातच सावकाश उलटा, खालच्या अंगाला गाळणी धरा आणि दगडाची खालची बाजू ब्रशने हलकेच झाडा. गाळणीतलं ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात सोडा. आणि मग थांबा. घाई करणाऱ्याला इथे काही दिसत नाही. माशीच्या अळ्या, मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं लगेच वळवळतात. भुंगेरा पाय आवळून मेल्यासारखा पडून राहतो आणि केरकचऱ्यातला एक कण वाटतो. मिनिटभराने तो कण पाय पसरतो आणि ताटलीच्या तळावरून चालायला लागतो. त्याला आधाराला एखादा खडा ठेवा, लगेच चढतो.

बघून झालं की सगळं परत पाण्यात, आणि दगड जसा होता तसा, तीच बाजू खाली. उलटा ठेवलेला दगड म्हणजे त्याखालच्या सगळ्यांची अंडी आणि घरं उन्हात.

मुलं बरोबर असतील तर आणखी दोन गोष्टी सांभाळा. कोरड्या काठावरच्या दगडांखाली विंचू असतात, तिथे हात घालू नका. आणि वरच्या डोंगरावर ढग भरून आले असतील तर पात्रातून ताबडतोब बाहेर या. आपल्याकडे ओढ्याला पाणी किती अचानक येतं हे वेगळं सांगायला नको.

अभयारण्यातून नमुने आणले तर चालतील का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव आणता येत नाही, तो कितीही बारीक असला तरी. फोटो काढा. कॉलेजच्या प्रकल्पासाठी जाती ओळखायच्या असतील तर प्राध्यापकांमार्फत वनविभागाची रीतसर परवानगी घ्या आणि पुण्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राशी बोला. जात ओळखायला सूक्ष्मदर्शक लागतो, बऱ्याचदा नराच्या जननेंद्रियाची रचना बघावी लागते. मोबाइलच्या फोटोवरून फार तर कुळ कळतं.

शाळेत काचेच्या टाकीत ठेवता येईल का?

थोडे दिवस ठेवता येईल, पण टाकीत हवेचा पंप सतत चालू हवा, पाणी त्याच ओढ्याचं हवं, आणि शेवाळलेले गोटे तिथलेच. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. टाकी साबणाने कधीही धुऊ नका, आधीसुद्धा; काचेला राहिलेला थोडासा साबणही पुरेसा होतो. वीज जाणाऱ्या गावात हा प्रयोग करू नये, पंप बंद पडला की काही तासांत पाण्यातला प्राणवायू कमी होतो. त्यापेक्षा वर्गच ओढ्यावर न्या.